चार मजल्यांचा महाल

साहेबांनी पुस्तकातलं पान माझ्यासमोर उघडलं आणि एका नाण्यावर बोट ठेवलं. "हा महाल. माझ्या चेहऱ्याशेजारी हाच हवा."

आमच्या कारखान्यात प्लास्टरची शोभेची कामं होतात. साहेब आमचे गिऱ्हाईक. त्यांना जेवणघराच्या भिंतीवर रोमन नाण्यांच्या धर्तीवर साठ-साठ सेंटिमीटरच्या तीन चकत्या हव्या होत्या. पहिलीवर ते स्वतः, डोक्यावर पानांचा मुकुट. दुसरीवर नाण्याची मागची बाजू, म्हणजे तो महाल. तिसरीवर मुलगा आणि सून, एकामागे एक, दोघांची तोंडं एकाच दिशेला. साहेब निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. हुकूम सोडायला आता घरातली ही दोनच माणसं उरली होती.

मी रसायनशास्त्र शिकले आहे, त्यामुळे चित्राखालचा बारीक मजकूर वाचायची खोड आहे. या वेळी ती उशिरा जागी झाली, साचा तयार झाल्यावर. तो महाल नव्हता. मेलेल्या सम्राटासाठी रचलेली चार मजली चिता होती, आणि असं नाणं तो गेल्यावरच पाडत. मी साहेबांना काही बोलले नाही. नवा साचा म्हणजे आणखी आठवडाभराचं काम, आणि ते माझ्याच गळ्यात पडलं असतं.

चकत्या बसवताना साहेबांच्या सूनबाई, म्हणजे वहिनी, चहा घेऊन आल्या. त्यांना मात्र सांगितलं. हसू दाबताना त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"कुठे बोलू नका हं."

"मी कशाला बोलतेय बाई? मला याच घरात राहायचंय."

रविवारी जेवायला पाहुणे आले. पुढचं मला वहिनींनीच फोनवर सांगितलं. साहेबांच्या जुन्या भागीदारांनी विचारलं, हा कुठला महाल? साहेब म्हणाले, माझा. वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, ती चिता आहे. सम्राट वारल्यानंतरची." भागीदार खुर्ची मागे सारून उठले आणि मान खाली घालून दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मग बाकीचेही उभे राहिले. वहिनींचा नवरासुद्धा.

मंगळवारी दुपारी मला बोलावणं आलं. तिघं जेवायला बसले होते. साहेबांनी त्याच पुस्तकातलं दुसरं पान काढून ठेवलं होतं. त्या नाण्यावर दोन भाऊ समोरासमोर होते. पुढे एकाने दुसऱ्याला ठार मारलं आणि त्याचा चेहरा नाण्यांवरून खरवडून काढायला लावला.

"सूनबाईंचा असा करायचा," साहेब म्हणाले. "गुळगुळीत नको. इथे कोणीतरी होतं, हे दिसलं पाहिजे."

"बाबा, जेवण होऊ दे ना," मुलगा म्हणाला. "सगळी धूळ ताटात येईल."

"प्लास्टर आधी भिजवलं तर धूळ उडत नाही," मी म्हणाले. धुळीचा विषय निघाला की हे वाक्य माझ्या तोंडून आपोआप येतं.

"बघ. पोरगी हुशार आहे." साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. "तुझ्या बापजन्मात तू असलं पुस्तक वाचलं नसशील. कोणी शिकवलं? नाव सांग, चेहरा राहील. नाही तर ज्याचा चेहरा भिंतीवर नाही, त्याचं ताट या टेबलावर नाही. स्वयंपाकघरात जेवायचं. आजपासून, कायमचं."

मी शिडीवर होते. एका हातात ओला स्पंज, दुसऱ्या हातात पटाशी.

"सांगून टाक ना," नवरा म्हणाला. "कशाला ताणतेस? मीठ दे इकडे."

वहिनींनी मीठ दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. "मला वाटलं म्हणून बोलले, बाबा. कोणी शिकवलं नाही."

शिडीवरून एक वाक्य बोलायचं होतं. पटाशीची धार बघितल्यासारखं करत मी साधारण दहा सेकंद काढले. त्या दहा सेकंदांत माझी नोकरी आणि त्यांची खुर्ची यांचा हिशेब झाला आणि मी स्पंज पिळला.

"नाकापासून सुरू कर," साहेब म्हणाले. "नाक गेलं की माणूस ओळखू येत नाही."

ओलं प्लास्टर साबणासारखं निघतं. नाक दोन फटक्यांत गेलं, ओठ एका. नवऱ्याचा चेहरा पुढे होता. त्याच्या कानाला धक्का लागू नये म्हणून मी पटाशी आडवी धरली. खाली तो मान वर करून बघत होता. "कान सांभाळून हं," तो म्हणाला.

साहेबांनी समाधानाने मान हलवली. वहिनींनी आपलं ताट उचललं, वर पाण्याचा पेला ठेवला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी नेहमीचा होता.

"डोळा राहिलाय माझा. तेवढाही काढून घे, नाहीतर उद्या परत बोलावतील."

मी तो काढला.