कुचेराचे नाव

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाचा एक जुना फलक आहे. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका लहानशा कॉलेजात, अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, खेळाडूंच्या खोलीबाहेर मी टांगलेला आहे. ज्यांनी विक्रम केले, मानसन्मान मिळवले, त्यांची नावे सोनेरी अक्षरांत माझ्यावर लिहितात. शनिवारी सामन्याला निघताना प्रत्येक खेळाडू मला हात लावून जातो. माझी खालची कड त्यामुळे गुळगुळीत झाली आहे. एके काळी मला याचा फार अभिमान वाटे.

चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवे पाडण्यात लाइल कुचेराचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या शेवटच्या मोसमात डोक्याला डोके आपटून तो कितीदा तरी भोवंडला. एकदा तर माझ्यासमोरच्या बाकावर बसून ओकला. जमेल ना, असे कोचने विचारले. त्याने मान हलवली, हेल्मेट चढवले आणि परत मैदानात गेला. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच दिवशी सर्वांत जास्त गडी पाडण्याचा विक्रम त्याच्या नावावर झाला. त्याचे नाव लिहिले, तेव्हा त्याची आई माझ्यापुढे उभी राहून आनंदाने रडली.

पुढे कितीतरी वर्षे त्या नावाला कोणी मागे टाकू शकले नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याची बायको आर्लीन त्याला घेऊन आली. लाइल अजून साठीचाही नव्हता, पण डोक्याला बसलेल्या त्या जुन्या दणक्यांनी त्याची स्मृती पुसली होती. इथे तरी त्याला काही आठवेल, अशी तिला आशा होती. तिने त्याचे बोट नावावर ठेवले. त्याने अक्षरे लावत ते वाचले.

"दणकट गडी असणार हा," तो म्हणाला. "आता काय करतो?"

"घरीच असतो," आर्लीन म्हणाली.

मग त्याला बाकावर बसवून ती नव्या कोचकडे वळली. "हे नाव खोडून टाका."

"मिसेस कुचेरा, मान आहे तो त्यांचा. हे नाव बघूनच माझी पोरं जीव तोडून खेळतात."

"म्हणूनच म्हणतेय."

नाव खोडले गेले नाही. उलट वसंतात त्यावर सोनेरी रंगाचा नवा हात फिरला. यंदा संघातल्या डेव्हिन ओस्बर्गने तो विक्रम मोडला. सामन्यानंतर तो माझ्याखाली डोके धरून बसला होता. दिव्याचा उजेड त्याला सोसत नव्हता. सोबती त्याच्या पाठीवर थापा मारत होते. आता कुचेराच्या वर त्याचे नाव आहे. मी लाकूड. मला ओरडता आले नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण मैदानावर कोणी धडपडत उठला, तर टाळ्या वाजवू नका. त्याच्याजवळ जा, त्याला खाली बसवा. त्याने कितीही हट्ट केला तरी त्याला परत आत पाठवू नका.