सिमेंटात रुतलेली चाके

मित्रांनो, ही गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षी मी पुन्हा चालणार होते.

मी वाफेवर चालणारे लहानसे इंजिन, वयाने तुमच्या पणजोबांएवढे. मुलुंडच्या एका कारखान्याचे मालडबे मी स्टेशनपर्यंत ओढत असे. कामगार मला लाडाने ‘बाय’ म्हणत. पुढे कारखाना बंद पडला, तिथे उंच इमारती झाल्या आणि मला बागेतल्या रुळांच्या तुकड्यावर उभे केले गेले.

कारखान्यातला जुना फिटर चंद्रप्रकाश परब मात्र मला विसरला नाही. दर शनिवारी तो येई, सांध्यांत तेल सोडी आणि चाकामागे पहार लावून मला वीतभर सरकवी. एका शनिवारी पुढे, दुसऱ्या शनिवारी मागे. मग चाकांखाली पाचर ठोकी. उभे राहून इंजिन आखडते, हे त्याला ठाऊक होते. फिरायला येणारे लोक हसत, “काय काका, पोचली का ठाण्याला?” म्हणून विचारत. तो म्हणे, “निघालीय. तुमच्या आधी पोचेल.”

जुनी इंजिने पुन्हा चालवणारी एक संस्था गणपतीनंतर मला पाहायला येणार होती. अट एकच, चाके फिरली पाहिजेत. चंद्रप्रकाश निश्चिंत मनाने गणपतीला गावी गेला.

बागेची व्यवस्था पाहणाऱ्या क्षमाताईंचाही माझ्यावर जीव होता. पाहुण्यांपुढे मी चांगले दिसावे म्हणून त्यांनी मला काळा चकचकीत रंग दिला. मुले अंगावर चढतात, इंजिन सरकले तर, या काळजीने चाकांभोवती सिमेंटही ओतून घेतले.

चंद्रप्रकाश परतला आणि चाकाजवळ बसून सिमेंटावर हात फिरवू लागला.

“छान दिसतंय ना?” क्षमाताईंनी विचारले.

“ताई, बायचे पाय बांधलेत तुम्ही.”

“अहो, मुलांसाठी केलं. मला काय माहीत?”

“मीच सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “दर शनिवारी नुसती मस्करी करत बसलो.”

दुसऱ्या दिवशी मजुरांनी सिमेंट फोडले. घणाच्या घावांनी चाकाचे दोन आरे तडकले. मला पाहायला आलेल्या संस्थेच्या गंधालीने वाकून भेग चाचपली आणि नकारार्थी मान हलवली. “बाकी सांधे अजून मोकळे आहेत. कोणी जपले एवढे?” तिने विचारले. चंद्रप्रकाश सिमेंटाचे तुकडे गोळा करू लागला.

संस्थेने दुसरे इंजिन नेले. गंधाली आता ते चालवते म्हणे. चंद्रप्रकाश दोन वर्षांनी गावीच वारला. क्षमाताई मुलीकडे बोरिवलीला गेल्या. कधीतरी येतात, लांबच्या बाकावर बसतात आणि माझ्याजवळ न येताच परततात.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया जरूर करा, पण आधी तिला नेहमी हात लावणाऱ्याला विचारा. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर कोणी विचारायची वाट पाहू नका.