आईकडचं रक्त

नळीतला बुडबुडा मोहरीएवढा होता आणि पुढे सरकायला तयार नव्हता. क्वाकू अजेमान त्याच्याकडे बघत पडून राहिला — दंडाला पट्टा, मुठीत रबरी चेंडू, खाली जमिनीलगत पिशवी, आणि तिच्यात उतरायलाही कंटाळणारं त्याचं रक्त.

"दाबा मास्तर, दाबा," नर्स डेडे म्हणाली. "रक्त आहे की थंडीतलं पाम तेल?"

"शेवटी जातं कुठे हे?"

"भट्टीत. तुमचं कुणाला चालणार नाही हो."

बाहेर व्हरांड्यात बाळंतिणीचे नातेवाईक येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडून रक्त मागत होते. कुमासी शहरात रक्ताचा तुटवडा नवा नाही. त्याच्याकडेच तेवढं भट्टीत घालण्याइतकं होतं. रक्ताचा कॅन्सर, पण उलट्या तऱ्हेचा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, क्वचित कुणाला होणारा: हाडांमधल्या मज्जेला थांबायचंच कळत नाही, ती लाल पेशी बनवत सुटते, रक्त घट्ट होतं आणि एके दिवशी त्याची गुठळी मेंदूत जाऊन बसते. औषध म्हणजे रक्त काढत राहायचं, शरीरातलं लोह मुद्दाम आटवायचं, रोज एक बारीक गोळी. नीट पाळलं तर माणूस वर्षानुवर्षं जगतो. चाळीस पोरांना भूगोल शिकवणाऱ्याला हे समजायला जड नव्हतं… समजलं होतंच.

आज मात्र बाईंनी कागद खाली ठेवून विचारलं होतं, "लोह वाढतंय कसं? टॉनिक घेता?"

"छे," तो म्हणाला होता. टॉनिक तो घेत नव्हताच.

दुपारी तो थोरल्या बहिणीकडे, सेर्वाताईकडे जेवायला बसला. शेजारच्या घरी मयताच्या चाळिसाव्या दिवसाची तयारी चालली होती, मांडवाचे बांबू आपटत होते. ताईने कुटलेल्या कंदांच्या फुफूचा गोळा वाडग्यात ठेवला, वर कालवण ओतलं: अळूची पानं, धुरावलेला मासा आणि ती कडू हिरवी रानफळं, जी इथे प्रत्येक फिकट बाळंतिणीला ठेचून पाजतात. रक्त भरायला. रक्ताचं दुखणं आहे, एवढंच त्याने तिला सांगितलं होतं. रक्ताचं दुखणं म्हणजे रक्त कमी. दुसरं काय असणार?

"तळहात दाखव," ताई म्हणाली. दाखवले. "बघ! कसे लाल झालेत. डॉक्टर काय करतात? सुया टोचतात. रक्त मी भरलं."

"हो ताई."

"हो ताई काय? खा. आणि रविवारी चर्चच्या बायका तुझ्या नावाने रक्त द्यायला येणार आहेत. मी सांगून ठेवलंय."

सांगायला हवं — पण काय? आमच्यात आत्मा बापाकडून येतो आणि रक्त आईकडून. रक्त बिघडलं म्हटलं की बोट आईकडे जातं, मग ताईकडे, मग ताईच्या मुलींकडे, ज्यांची लग्नं ठरायची आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हे वारशाने आलेलं नाही. पण बाई काही लग्नाच्या बैठकीला यायच्या नाहीत.

आणि आई… माझ्या जन्माच्या वेळी तिचं रक्त थांबेना, तेव्हा सतरा वर्षांची ताई लॉरीस्टँडवर रक्तासाठी ड्रायव्हरांच्या पाया पडत हिंडली. दोघे तयार झाले. त्यांना घेऊन ती पोचली तेव्हा आईचा चेहरा झाकलेला होता, आणि मी भुकेने रडत होतो. तेव्हापासून ती मला भरवते आहे. तिचं मन राखायला म्हणून आपण गप्प राहिलो, असं तो इतके दिवस समजत होता. मोठेपणाच होता तो, थोडासा फुकटचा.

"आणखी घालू?" ताईने पळी उचलली. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, वाडग्यात किती उरलंय यावर होती.

ही मला वाढत नाहीये, त्याला वाटलं. ती त्या झाकलेल्या चेहऱ्याला वाढते आहे, अजून, आणि मी मुकाट्याने आईचा वाटा खातो आहे — खात खात मरेन, आणि ताई सगळ्यांना सांगेल, कमी पडलं, अजून घालायला हवं होतं.

"क्वाकू? घालू ना?"

त्याने वाडग्यावर हात धरला. वाफेने तळवा खाजू लागला, या दुखण्यात ऊब लागली की खाजतो तसा, तरी काढला नाही. ताई पळी धरून थांबली. जन्मल्यापासून पहिल्यांदाच त्याला तिचा राग आला होता, आणि त्या रागात, लाज वाटावी इतकी, जगायची भूक होती.