दुसऱ्या वर्षाचा धडा

नाशिकच्या त्या बुद्धिबळाच्या क्लासमध्ये गोडबोले सर नवशिक्यांकडून डावाची सुरुवात पाढ्यांसारखी घोकून घेत. हर्षालीने वर्षभर इमानाने घोकली. जिल्ह्याच्या संघात जायला तिला शेवटचा डाव जिंकायलाच हवा होता, आणि समोरच्या दिंडोरीच्या रोशनीने दुसऱ्याच खेळीला भलतेच प्यादे सरकवले. घोकलेले सगळे वाया गेले. तरी हर्षाली स्वतःच्या डोक्याने झुंजली. अखेर तिच्याकडे राजा आणि वजीर उरले, समोर एकटा राजा.

मात कशी करायची, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. तिने घाईने वजीर पुढे आणला. रोशनीच्या राजाला शह नव्हता, पण हलायला घरही उरले नाही. डाव बरोबरीत सुटला, संघ हुकला.

तिने मागे उभ्या असलेल्या गोडबोले सरांना विचारले, "सर, इथे मात कशी करायची?"

"ते दुसऱ्या वर्षाला आहे, बाळ. आधी सुरुवात पक्की कर."

"म्हणजे या वर्षी जिंकायचंच नव्हतं?"

रोशनी फिसकन हसली. "आम्हाला तर पहिल्याच दिवशी हे शिकवलं. तुझा राजा पण पुढं आण की गं! एकटा वजीर काय करील?"

सर पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम सांगू लागले. हर्षालीने त्यांच्याकडे पाठ फिरवली, पटावरचा वजीर मागे घेतला आणि आपला राजा पुढे सरकवला.