तुंबडी गुडघ्याखाली उतरताना

मित्रांनो, बिश्केक शहरातल्या हमामातली, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरातली, काचेची एक जुनी तुंबडी तुमच्याशी बोलते आहे. माझा काठ जाड आहे आणि पोट धुराने काळवंडलेलं. पूर्वी हिवाळ्यात मालीशवाल्या सैराकान एजे, म्हणजे सैराकानताई, माझ्यात जाळ फिरवून मला खोकणाऱ्या पाठींवर लावत. तेव्हा माझा मान मोठा होता. पुढे खोकल्याची औषधं आली आणि मी फळीवर धूळ खात पडले. अलीकडे मात्र बायका मांड्यांवरच्या खळ्या घालवायला येऊ लागल्या, आणि कातडीला चोपडलेल्या मधावरून घसरत मी पुन्हा कामाला लागले.

त्या दिवशी आयचुरेक आली. बाळंतपणाचे चाळीस दिवस तिने रिवाजाप्रमाणे खाटेवर, रजईत काढले होते. आता घरचे सगळे ईसिक-कुल तलावावर पोहायला निघाले होते.

"नणंद म्हणते, मांडीवर नानच्या रोटीवर मारतात तसे ठसे कुणी मारले?" ती कशीबशी हसली. "एजे, डाव्या पोटरीतही कळ येते हो."

"येणारच! थंडी शिरलीय. तुंबडीने ओढून काढते."

मी मांडीवर चिकटले, खाली सरकू लागले. गुडघ्याजवळ कातडी तापलेली, ताणलेली लागली. मित्रांनो, मला हात नाहीत, आवाज नाही. मी सरकतच राहिले.

शेजारच्या बाकावर तिची सासू उमसुनाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. ती एकदम ओरडली, "सैराकान, हात थांबव!"

"अपा, तुमच्या सुनेचा पाय खात नाही मी," एजे त्या थोरल्या बाईला म्हणाल्या.

"दोन्ही पाय शेजारी ठेव. बघ! मोज्याचा वळ एकाच पायावर रुतलाय. माझ्या बहिणीचा पाय असाच सुजला होता. आपण तो चोळला, आणि चहा ओतेपर्यंत तिचा श्वास गेला."

एजेंनी काठाशी बोट दाबून मला अलगद सोडवलं. आयचुरेकने बाळाकडे हात केला, पण सासू म्हणाली, "आधी दवाखाना."

पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. सुटली असती तर फुप्फुसात गेली असती. इंजेक्शनं आणि गोळ्यांनी आयचुरेक वाचली. खळ्यांबद्दल डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते उमसुनाईने नंतर हमामात सगळ्यांना ऐकवलं. कातडीखालचे धागे कातडीला खाली ओढतात, त्यांच्यामधून चरबी वर डोकावते, म्हणून खळ्या पडतात. संप्रेरकं आणि आईकडून आलेली ठेवण यांचाही त्यात वाटा असतो. बहुतेक बायकांना त्या असतात, हा आजार नव्हे. व्यायामाने त्या थोड्या कमी दिसतात. दवाखान्यातल्या काही उपचारांनीही काही काळ फरक पडतो, पण कायमचं असं काही नाही.

"आणि तुंबडीने?" एजेंनी विचारलं.

"कातडी जरा सुजते, म्हणून तासभर गुळगुळीत दिसते."

आता एजे प्रत्येकीच्या दोन्ही पोटऱ्या आधी हाताने पाहतात. शंका आली तर मला हातही लावत नाहीत, बाईला थेट डॉक्टरकडे धाडतात.

मित्रांनो, तुमच्या आईचा एक पाय सुजला, दुखला, तापला तर तो कुणाला चोळू देऊ नका. मी फळीवर कोरडी पडून राहिले तरी चालेल.