माझ्यावर ठेवलेला चष्मा

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ, अशी माझी बाराशे पाने. एवढे शब्द पोटात घेऊन एकही उच्चारता येत नाही, म्हणून माझा जीव सदा वरखाली होत असतो.

छापखान्यात एका बाइंडरने माझी पाने दोऱ्याने शिवली, वर निळे कापड चढवले आणि दोन थापा मारून म्हटले, "दणकट झालाय!" मग एका शिक्षिकेने, म्हणजे आमच्या बाईंनी, मला विकत घेतले. त्या रोज संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. दिवसभर राबून आलेला शिंपी, पार्लरवाली ताई, जाड चष्म्याचे वॉचमन काका, असा त्यांचा वर्ग.

बाईंची रीत न्यारी होती. अर्थ नुसता वाचायचा नाही, करून दाखवायचा. आधी त्या स्वतः चष्मा काढून माझ्यावर ठेवायच्या आणि मग खुशाल घोरायच्या, लंगडायच्या, भांडायच्या. वर्गाने शब्द ओळखला की टाळ्या. चष्म्याचे ते इवलेसे वजन मला फार आवडे.

'ट्रिप ओव्हर' सगळ्यांचा लाडका. कशाला तरी अडखळून पडणे, बोलताना शब्दाशब्दाला अडखळणे, कुणाला खूश करायला उगाच धडपडणे, असे त्याचे अर्थ माझ्यात दिले आहेत. बाई बजावत, "नुसतं पडायला 'फॉल' आहे. इथे कशाला अडखळलात, तेही सांगायचं." एकदा शिंपी स्टुलाला अडखळायचे नाटक करता करता खरोखरच आडवा झाला. सगळे हसून हसून बेजार! वॉचमन काका मात्र कधीच पुढे आले नाहीत. "मला नाही जमायचं, बाई," एवढेच म्हणत.

पुढे सगळ्यांच्या हाती मोबाइल आले. मला कोण विचारतो? वर्गाचे दार वाऱ्याने आपटायचे, म्हणून कुणीतरी मला दाराशी जमिनीवर टेकवून ठेवले. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या लाथा खाल्ल्या. राग आला, खोटे कशाला बोलू? पण त्याहून मोठी धास्ती होती. बाईंची नजर मंदावली होती. त्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आत यायच्या आणि त्यांचे पाऊल माझ्या कोपऱ्याला घासून जायचे.

आणि एक दिवस तेच झाले. बाईंचा पाय माझ्यावर अडला. वह्या उधळल्या, बाई धाडकन पडल्या. आणि वर्गाने चक्क टाळ्या वाजवल्या!

"ट्रिप ओव्हर!" शिंपी ओरडला.

"डिक्शनरीला अडखळल्या!" पार्लरवाली ताई म्हणाली. "बाई, झकास! अगदी खरं वाटलं."

बाई उठल्या नाहीत. वर्ग हसतच होता. मी आतल्या आत तडफडत होतो. मदतीच्या हाकेला लागणारा प्रत्येक शब्द माझ्यापाशी होता आणि एकही बाहेर येईना.

तेवढ्यात मागून वॉचमन काका उठले. "अरे, गप्प बसा! बाईंनी चष्मा काढलेला नाही!"

चष्मा बाईंच्या गालाखाली फुटला होता. मग मात्र एकच धावपळ उडाली. बाईंचे खुब्याचे हाड मोडले होते.

काकांनी मला उचलले, धूळ झटकली आणि फळीवर ठेवले. तीन महिने वर्ग बंद होता. जिन्यात पाऊल वाजले की मी कान टवकारत असे. बाई पुन्हा चालतील का? आणि आल्याच, तर त्यांचे हाड मोडणाऱ्याला हातात घेतील का? मला एक क्षण चैन पडत नव्हते.

काल जिन्यात काठी वाजली. बाई हळूहळू आत आल्या. दाराला आता लाकडी पाचर लावलेली होती.

"माझी डिक्शनरी कुठे आहे?" त्यांनी विचारले. काकांनी मला टेबलावर ठेवले. बाईंनी माझा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला. "तुझा काय दोष, बाबा? तुला वाटेत ठेवणारे आम्हीच."

मित्रांनो, तुमच्या वस्तू जागच्या जागी ठेवा. आम्हांला आपणहून बाजूला सरकता येत नाही. आणि कुणी पडले, तर हसण्याआधी जरा वाकून बघा.

"माझ्याच्याने आता होणार नाही," बाई काठी टेकवत म्हणाल्या. "कोण करून दाखवतंय?"

मग मागचा बाक करकरला. वॉचमन काका पुढे आले, त्यांनी आपला जाड चष्मा काढला आणि अलगद माझ्यावर ठेवला.