न केलेल्या चोरीची कबुली

डार्ला स्टिनेट व्हर्जिनियाच्या पार टोकाकडच्या, कोळशाच्या खाणींच्या भागातून आमच्या कॉलेजात आली होती. जीवशास्त्राच्या प्रयोगाचा तिचा अहवाल आणि प्रयोगातला तिचा जोडीदार गॅरिक याचा अहवाल, दोन्हींत एक अख्खं पान शब्दशः सारखं निघालं. आमच्याकडे सन्मान-संहिता आहे: खोटं बोलायचं नाही, चोरी-नक्कल करायची नाही. ती मोडल्याच्या प्रकरणांचा निवाडा प्राध्यापक नाही, विद्यार्थ्यांचं मंडळच करतं. आरोपीला सल्लागारही विद्यार्थीच मिळतो. डार्लाच्या वाट्याला मी आले.

तिचं म्हणणं साधं होतं. प्रयोगशाळेतल्या सामाईक कम्प्युटरवर तिची फाइल उघडी राहिली आणि गॅरिकने त्यातून उचललं. मला ते पटलं. पण नोटीस आल्या आल्या गॅरिक कॉलेज सोडून जॉर्जियाला आपल्या घरी निघून गेला होता, आणि सोडून गेलेल्याला साक्षीला आणण्याचा अधिकार मंडळाला नाही. मी फोन केला. वकिलाने तोंड उघडू नको म्हटलंय, एवढं बोलून त्याने तो ठेवून दिला.

नियमात एक वाट होती. सुनावणीआधी गुन्हा कबूल केला तर वर्षभर बाहेर राहून परत येता येतं. दोषी ठरलं तर मात्र कायमची हकालपट्टी. मधलं काही नाही. मी तिला कबूल कर म्हणून विनवलं.

"म्हणजे सन्मान राखायला खोटं बोलू?" ती म्हणाली.

"वर्षभराचा तर प्रश्न आहे, डार्ला."

"तुझं नाहीये ना ते वर्ष."

सुनावणीत मला बोलायला मनाई होती. शेजारी बसून फक्त कानात सांगायचं. मंडळाचा अध्यक्ष व्हिटलो भला मुलगा. त्याने तिला पाणी दिलं, दमलीस तर थांबू म्हणाला, आणि तिचे सगळे हक्क वाचून दाखवले. एकही गाळला नाही. मग पंचांतल्या एका मुलीने विचारलं, फाइल उघडी राहिली याला पुरावा काय?

"विसरल्याचा पुरावा कसा ठेवतात?" डार्लाने विचारलं.

मी 'शांत राहा' असं लिहून कागद तिच्याकडे सरकवला. तिने तो पालथा घातला.

पंच बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा त्यांतली एक मुलगी रडत होती. दोषी.

दुसऱ्या दिवशी डार्लाची आई गाडी घेऊन आली. सामान चढवून झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं.

"अपील करता येतं ना, पोरी?"

"येतं. पण नवा पुरावा लागतो."

"नवा म्हणजे कसला?"

"त्या मुलाने स्वतः येऊन बोलायला हवं."

तिने मान हलवली, जणू मी एखाद्या दुकानाचा पत्ता सांगितला होता. त्याचा फोन नंबर मागितला. मी दिला. दुसरं काय देणार होते?